बारा नंबरची सीट

गिनतीचाचांना अकरा माणसं कधी अकरा दिसलीच नाहीत. मिनीबसच्या दारात उभे राहून ते प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत मोजायचे, अकरावर थांबायचे, मागच्या खिडकीकडे बघून हलकेच म्हणायचे, "आनि एक." मग, "यल्ला!" आणि गाडी सुरू. टुरिस्टांना वाटे, हा एक म्हणजे ड्रायव्हर. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटत होतं.

चाचा दापोलीकडचे. नाव इब्राहिम परकार, पण बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या आमच्या छोट्या टुरिस्ट ऑफिसात त्या नावाने त्यांना फक्त पगाराचं पाकीट ओळखायचं. मी पुण्याहून नवऱ्याच्या मागे बहारीनला आलेली, घरी बसून कंटाळलेली, म्हणून तिथे बुकिंगला चिकटले. आजूबाजूला सगळी हिंदी-इंग्रजीची खिचडी. पहिल्याच दिवशी हा पांढऱ्या दाढीचा माणूस टेबलाशी येऊन म्हणाला, "बाय, चाय घेतलीस काय?" आणि मला एकदम रडूच आलं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते टुरिस्टांना आलीला न्यायचे. आली म्हणजे कुंभारांचं गाव, आणि भोवती हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या मातीच्या टेकड्या. घरांच्या मागे, रस्त्याच्या कडेला, नजर जाईल तिकडे. एकदा एका गोऱ्याने इंटरनेटवरून छापून आणलेला कागद नाचवत त्यांना टेकड्यांचा आकडा ऐकवला. चाचांनी कागद हातात घेतला, घडी घातली, परत दिला. संध्याकाळी मला म्हणाले, "जित्या मानसांना मोजावा, बाय. त्यांना कशाला मोजायचा? मोजला की वलून बघतात." मी हसले. ते हसले नाहीत.

मग आमच्याकडे ते बुकिंगचं सॉफ्टवेअर आलं. त्याआधी चिठ्ठ्यांवर काम चालायचं. बारा सीटांच्या गाडीत चाचा अकराच चिठ्ठ्या घ्यायचे आणि कुणी विचारायचं नाही. आता मनामातल्या हॉटेलांचे काउंटर फोनच्या तारेने आमच्याशी जोडलेले. एक सीट रिकामी दिसली की कुठल्यातरी हॉटेलात ती आपोआप विकली जायची. पडद्यावर बाराच्या बारा चौकोन हिरवे झाले की मॅनेजर खुर्चीत डुलायचे. खरं सांगायचं तर मीही डुलायची. ऑफिसात ते यंत्र चालवता येणारी मी एकटीच होते.

पहिल्याच भरलेल्या शुक्रवारी चाचांनी गाडीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "बारा न्हेनार नाय." मॅनेजरनी कशीबशी दुसऱ्या ड्रायव्हरची सोय केली आणि चाचांना सगळ्यांदेखत सांगितलं, पुन्हा असं झालं तर व्हिसा खलास. चाचांना तीन मुली, दोघींची लग्नं व्हायची होती. मी वैतागून म्हटलं, "एका सीटसाठी नोकरी घालवता? कोण बसतं तिथे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष, भर दुपार. जाताना बारा नेले. आलीहून निघताना मोजले तर तेरा. पुन्हा मोजले, तेरा. एक जण मागे उभा. बाहेर ऊन असं, की गाडीच्या पत्र्याला हात लागत नव्हता. चाचांना उशीर झालेला, डोकं तापलेलं. ते ओरडले, "आपला नाय तो उतर!" मागचा माणूस उतरला. हॉटेलच्या दारात बारा माणसं उतरली. कुणीच हरवलं नव्हतं.

"वलून बघितला होता मी," चाचा म्हणाले. "रस्ता मोकला. सावली बी नाय."

"भास झाला असेल, चाचा."

"असंल. पन माझ्या बोलन्यावर उतरला ना? उन्हात उतरवला मी त्याला. परत आला तर जागा नको?"

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की सांगता येत नाही. मी त्यांना युक्ती सांगितली. बारा नंबरची सीट स्टाफच्या नावावर कायमची बुक करायची; पडद्यावर चौकोन हिरवा, मॅनेजर खूश. फक्त कॉम्प्युटर नावाशिवाय पुढे सरकेना. मी काहीतरी खोटं नाव घालायला लागले तर चाचांनी माझा हात धरला. "भलता नाव नको, बाय. नाव दिला की कोन तरी येतो." बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, "माझा घाल. मी तर गाडीतच हाय. खोटा पन नाय."

दोन वर्षं यादीच्या तळाशी 'इब्राहिम परकार' छापून येत राहिलं. चाचा निमूटपणे त्यापुढे जाताना आणि येताना अशा दोन्ही रकान्यांत खूण करायचे. धाकटीच्या लग्नाला सुट्टी घेऊन दापोलीला गेले. "इंशाल्ला, म्हैन्यात येतो," म्हणाले. लग्न पार पडलं, आणि चौथ्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या गेले. पुतण्याचा फोन मीच घेतला. त्या मंगळवारी यादीतलं नाव काढायला बसले आणि मला ते काढवेना.

त्यांच्या जागी थॉमस आला. केरळचा, चाळिशीचा, शिस्तीचा माणूस. जुनं काही त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. शेवटच्या नावापुढे तो दोन्ही रकाने कोरे ठेवायचा. एका मंगळवारी त्याने यादी आणून दिली. बाराव्या नावापुढे जातानाचा रकाना कोरा, येतानाच्या रकान्यात खूण.

"थॉमस, ये कौन?"

"बारा नंबर, मॅडम. जाते टाइम नहीं आया. वापसी में पीछे बैठा था. मैंने सोचा, टॅक्सी से उधर पहुँचा होगा."

"कैसा था?"

"बूढ़ा आदमी. सफेद दाढ़ी." थॉमसने यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. "मैं गिन रहा था, ग्यारह पे रुक गया. तो पीछे से वो बोला, आनि एक. इसका मतलब क्या है, मॅडम?"

मी त्याला अर्थ सांगितला. तो 'अच्छा' म्हणून किल्ल्या अडकवून घरी गेला. मी पडद्यासमोर बसून राहिले. भीती वाटली, पण त्याहून जास्त एका गोष्टीने जीव कासावीस झाला. बारावर आता चाचाच बसले होते. म्हणजे उन्हात उतरवलेल्याला पुन्हा जागा नव्हती.

मी अकरा नंबरची सीट उघडली. स्टाफ, दर मंगळवार आणि शुक्रवार, कायम. कॉम्प्युटरने नाव विचारलं. भलतं नाव घालायचं नाही, हे चाचांनी शिकवलं होतं. मी माझं घातलं.

पुढच्याच वर्षी आम्ही बहारीन सोडलं. ते नाव काढायचं राहून गेलं.