परिचयातल्या दोन ओळी

“या दोन ओळी काढ.”

मॅडमनी माझ्या कागदावर लाल पेनानं रेघ मारली. मग तिच्याखाली आणखी एक.

“आई कारखान्यात झाडू मारायची, हे कशाला? पाहुणा आहे तो आपला. स्टेजवर बसवून त्याची लाज काढायची का?”

मी म्हटलं, “मॅडम, त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.”

“त्याला चालत असेल गं. आपल्याला बरं दिसत नाही.”

मग म्हणाल्या, वाचायचं काम मी दुसरीला दिलंय. सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या कॉलनीतल्या, एका साहेबांच्या मुलीला. “तुझं लिहिणं ठीक आहे, पण उच्चार कॅम्पचे आहेत. तू चहाचं बघ. ते तुला छान जमतं.”

मॅडम आमच्याच. म्हणजे विदर्भातल्या, मराठी. नवरा प्लांटमध्ये ऑफिसर. वर्गात इंग्रजी बोलायच्या, स्टाफरूममध्ये हिंदी. माझ्याशी मराठी बोलल्या की समजायचं, काहीतरी उचलायचं आहे.

छत्तीसगडातली भिलाई, पोलादाच्या प्लांटचं शहर. तिथलं कॉलेज, एम.ए. इंग्रजीचा वर्ग. अमेरिकेतून एक कवी येणार होता. काळा, म्हातारा, तिकडच्या विद्यापीठात शिकवणारा. आपल्याकडे पाहुण्याचा परिचय वाचल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी कोणाला नको होतं.

पंधरा दिवस मी त्या माणसाच्या आयुष्यात राहिले. त्याची आई पोलादाच्या कारखान्यात झाडू मारायची. तोही पोरवयात तिथंच भट्टीवर लागला. जेवणाच्या सुट्टीत कविता लिहायचा. मग शिकला, मास्तर झाला. विद्यापीठात नोकरी लागल्यावरही संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत जाऊन शिकवत राहिला. पहिलं पुस्तक आईला दिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिच्याजवळ बसून त्यानं ते पूर्ण वाचून दाखवलं.

मी लायब्ररीत बसून रडले. कोणी पाहू नये म्हणून पुस्तक तोंडासमोर धरलं.

कारण माझी माय रेजा आहे. ठेक्यावरच्या मजूर बाईला इकडे रेजा म्हणतात. प्लांटमध्ये कोळशाची भुकटी झाडते. बाप गेला तेव्हापासून तेच करून राहिली आहे. आमच्या मजूर वस्तीतला, कॅम्प-1 मधला कोणी माणूस अमेरिकेत जाऊन बसला आहे, असं मला वाटलं होतं.

मायला मी आधीच सांगून ठेवलं होतं, स्टेजवरून मी वाचणार. वाचन काढून घेतलं, हे सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं, तिला कुठं सुट्टी मिळते. येणार नाही.

ती आली. पहिली पाळी सुटल्यावर सरळ. गळ्यात गेट पास, पायात सेफ्टी शूज, कानांच्या पाळ्यांत काळं. हातात थैली. थैलीत हिरवी साडी, घडी केलेली. ती बदलायला जागाच मिळाली नाही. लेडीज टॉयलेटला कुलूप होतं. तशीच हॉलच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला पाहून हसली.

माझ्या हातात चहाचा ट्रे.

मॅडमनी तिला पाहिलं. “ए बाई, उभी काय राहिलीस? ते कप उचल.”

मायनं थैली भिंतीशी ठेवली. पदर खोचला. उचलू लागली. तिला राग नाही आला. लेकीचा कार्यक्रम, म्हणजे घरचंच काम.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “नवीन दिसते. तुझ्या ओळखीची आहे का गं?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

माय चार पावलांवर होती.

माझ्या हातात कोणी लाल पेन दिलं नव्हतं. मीच कापली तिला.

स्टेजवर त्या मुलीनं परिचय वाचला. छान वाचला. पदव्या, पुस्तकं, बक्षिसं. मग कवी उठला. माईक खाली ओढला. म्हणाला, परिचयासाठी आभार, पण त्यात माझी आई राहून गेली. ती पोलादाच्या कारखान्यात झाडू मारायची. मी जे काही शिकवतो, ते तिच्याकडून शिकलो.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. मॅडम सर्वात जोरात वाजवून राहिल्या होत्या. डोळ्याला रुमालही लावला.

अमेरिकेतली आई झाडू मारते, तेव्हा तुमचे डोळे भरून येतात. कॅम्पातली मारते, तेव्हा ती ‘ए बाई’. हे मला मजूर संघटनेच्या कोणत्याही पत्रकानं शिकवलं नाही. त्या दुपारनं शिकवलं.

माय माझ्याजवळ सरकली. हळूच विचारलं, “काय म्हणून राहिला वं तो? टाळ्या कावून वाजवून राहिले सगळे?”

तिला वाजवता येत नव्हत्या. दोन्ही हातांत उष्टे कप होते.

मी ट्रे खाली ठेवला. तिच्या हातातले कप घेतले आणि मॅडमच्या समोरच्या टेबलावर नेऊन ठेवले. आवाज झाला. लोक वळले.

“मॅडम, ही माझी माय आहे. कप उचलायला नाही आली.”

मॅडम हसल्या. “अगं, मग आधी नाही का सांगायचं?”

“आधीच सांगितलं होतं. कागदावर लिहून. तुम्ही रेघ मारली.”

मॅडमना कळलं की नाही, माहीत नाही. मायनं माझं मनगट धरलं. “चाल पोरी. घरी चाल.”

ऑटोत ती माझ्याजवळ बसली. थैली मांडीवर. मग म्हणाली, “तू ओळखत नाही म्हटलं ना मले, ते बरं केलं. असे कपडे पाहून लोक तुलेच हसले असते.”

टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच तसं समजत होती.

आता मी कॅम्प-1 मध्ये संध्याकाळी मुलांना शिकवते. कविता लिहिते. शेजारच्या हथखोजच्या कारखान्यांच्या फाटकांवर रेजांसाठी पत्रकं वाटते. कधी कुठे कविता वाचायला बोलावतात. मायला म्हणते, चल. ती म्हणते, “मले काम आहे.” काम नसतं. हिरवी साडी पेटीत आहे. तिची घडी अजून मोडली नाही.

बोलावणारे म्हणतात, दोन ओळींचा परिचय पाठवा. पाठवते.

पहिली : माझी माय रेजा आहे, प्लांटमध्ये झाडू मारते.

दुसरी : एका कार्यक्रमात मी तिला ओळख दिली नाही.

मग फोन येतो. पहिली ओळ त्यांना फार आवडते. आता अशा ओळीला टाळ्या पडतात. म्हणतात, दुसरी काढू या का? तुमचंच वाईट दिसतं.

नाही. दोन्ही वाचायच्या. माईकवर, मोठ्यानं. एकही कापली, तर मी स्टेजवर चढणार नाही.