पाठीवरचा मुकुट

ग्लासगोच्या रविवारच्या बाजारात आम्ही शेवटचे गेलो, तेव्हा यांनी एक पितळी बॅज घेतला. हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यापासून जुन्या स्कॉटिश पलटणींचे टोपीवरचे बॅज जमवण्याचा यांना नाद होता. परतताना बसमध्ये तो मुठीत धरून म्हणाले, "हा राजाच्या काळातला आहे, राणीच्या नव्हे." त्या दिवसांत ते मधूनच मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारत. मी नुसतं "हो" म्हटलं.

ते गेल्यावर मुलगी कपाट आवरायला आली. तिनं तो बॅज उजेडात धरला. थिसलचं काटेरी फूल, वर मुकुट. पण सगळंच गुळगुळीत.

"आई, हा फेक आहे. मार्केटमधल्या माणसाने बाबाला फसवलं."

"बाबा फसणारे नव्हते."

"शेवटी शेवटी होते, आई," ती हळूच म्हणाली.

मला त्या बॅजची किंमत नको होती. त्या दुपारी बसमध्ये माझ्या शेजारी नक्की कोण बसलं होतं, एवढंच हवं होतं.

मी यांची पुस्तकं काढली. राणीच्या मुकुटाची कमान मधोमध दबलेली, त्याआधीच्या राजांच्या मुकुटाची गोल, फुगीर. पण या बॅजवर मुकुटाच्या जागी नुसता उंचवटा उरला होता. पुस्तक मिटून ठेवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी देव चिंचेनं घासत होते. लग्नात आईनं दिलेली अन्नपूर्णा हातात होती. घासून घासून तिचे नाक-डोळे केव्हाच गेलेत. धुवायला पालथी केली, तर अंगठ्याखाली वेणीचा पेड न् पेड लागला. पाठ कोण एवढी घासतं?

हात पुसून मी बॅज आणला आणि उलटा केला. अस्सल बॅज ठशानं उठवतात. पुढचा उंचवटा मागे खळगा होऊन उमटतो. ओतलेल्या नकलेची पाठ खरखरीत असते. इथे पाठीवर थिसलचे काटे स्पष्ट होते. त्यावर मुकुट. कमान गोल, कुठेही दबलेली नाही.

मुलीला फोन केला.

"पण आता नवा किंग आलाय ना? त्याचा क्राउनपण राउंड आहे," ती म्हणाली. "मग हा कालचापण असेल!"

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. "कालच्या बॅजचं तोंड इतकं झिजत नाही गं. कुण्या शिपायानं वर्षानुवर्षं घासलाय तो."

"म्हणजे बाबाला कळलं होतं."

"मला बसमध्येच सांगितलं होतं त्यांनी."

"संडेला येते मी. मार्केटला जाऊया? मला पण शिकव."

दसऱ्याला यांच्या स्टेथोस्कोपशेजारी तो बॅज पाटावर मांडला, पालथा. मुकुटाच्या खळग्यात कुंकू छान बसलं.