कारभारीची जोडी

शेवगावच्या स्टँडमागं कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तवा जयमाला तिथं टायपिंगला लागली. बारावी झालेली, हात चपळ, आन्‌ ऊसतोडीला न जाणारी घरातली पहिलीच. सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी रंगनाथ मुकादम टोळीची यादी टाईप करायला घेऊन आला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून एका ओळीत दोन नावं. सतरा ओळी भरल्या. अठरावी तिच्या बापाची. कारभारी, आन्‌ पुढं कोरी जागा. तिची आई दगडाबाई गेल्या फाल्गुनात फडातच साप चावून गेली होती.

“अर्धा कोयता मी नेत न्हाई,” मुकादम म्हणाला. “तिथं तुझं नाव टाक. बाप व्हय म्हनलाय.”

“आन्‌ माझं काम?”

“मोळ्या बांधायला कॉम्प्युटर लागत न्हाई, बाई.”

बापानं तिला काही विचारलं नव्हतं. ओठ आवळून तिनं ‘जयमाला’ टाईप केलं. मुकादम बापाला अंगठ्यासाठी आणायला गेला. तिनं प्रिंटरला कागद नीट लावला, वर पडद्याकडं बघितलं, तर अठराव्या ओळीत ‘दगडाबाई’.

तिनं खोडलं. पुन्हा आपलं नाव टाकलं. बटनांवरनं नजर वर काढली, तर पुन्हा दगडाबाईच. भर दुपारी खोलीत ओल्या पाचटाचा, तोडलेल्या उसाच्या पाल्याचा वास सुटला. सिमेंटच्या त्या खोलीत पाचट कुठलं?

दाराशी चपला वाजल्या. मुकादम आन्‌ कारभारी आत आले.

“मुकादम, हे बघा, आईचं नाव येतंय.”

मुकादमानं वाकून वाचलं. “जयमालाच तर हाय. लई नाटकं नको करू.”

आन्‌ खरंच, पडद्यावर जयमालाच होतं.

 पण क्लासच्या मॅडमनी एक बटन दाखवलेलं तिला आठवलं. वरच्या रांगेत उजवीकडं, ‘प्रिंट स्क्रीन’. दाबलं तर काहीच झालं न्हाई असं वाटतं, पण पडद्याचा फोटो मशीन पोटात धरून ठेवतं.

“नीट बघा. एकच बटन दाबते.”

तिनं दाबलं. मग पेंट उघडलं आन्‌ पेस्ट केलं. फोटो समोर आला. सतरा ओळी जशाच्या तशा. अठरावीत कारभारी, आन्‌ पुढं दगडाबाई.

मुकादमाच्या तोंडातली सुपारी थांबली. “काय केलंस गं?”

“तुमी बघतच व्हता.”

तिनं मूळ यादी पुढं घेतली. तिथं अजून जयमालाच. पुन्हा फोटो घेतला, पुन्हा दगडाबाई. पाचटाचा वास आता मुकादमालाही आला असावा. तो नाक पुसत दाराकडं सरकला.

तिनं फोटोच छापायला लावला. प्रिंटर करकरत ओळी काढत राहिला. कारभारीला वाचता येत नव्हतं. त्यानं बाही वर सारली. लग्नानंतर जत्रेत गोंदून घेतलेलं बायकोचं नाव हातावर होतं. हात कागदाशेजारी ठेवून तो बोटानं एकेक अक्षर लावत गेला. पाचही जुळली.



“जोडी भरलीया, मुकादम,” तो म्हणाला.

“मेलेल्या बाईला टोळीत न्यू व्हय मी?”

“पोरीच्या जागंवर ती बसलीया. तिला उठवायची माझ्यात ताकद न्हाई. तुमच्यात आसंल तर उठवा.”

मुकादमानं कागदाला हात लावला न्हाई. लांबूनच म्हणाला, “अंगठा लाव.”

टोळी गेली. कारभारीच्या पिशवीत कोयते मात्र दोन होते. जयमाला टायपिंगवरच राहिली. ती यादी तिनं परत कधी उघडली न्हाई.

चैत्रात बाप परतला. पिशवी रिकामी करताना तिनं दोन्ही कोयते उन्हात धरून बघितले.

दोन्हीची धार सारखीच झिजली होती.