मोकळा प्रेस

वामनसरांना शेवटचं भेटले ती त्यांच्या विरारमधल्या चंदनसारच्या घरी. जाताना आगाशीच्या बाजारातून सुकेळी, म्हणजे तिथली सुकवलेली केळी, नेली होती. आजारानं जेवण सुटलं होतं, तरी एक तुकडा तोंडात टाकून त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "सुमन, एवढ्यात कुणाला नाही म्हणालीस?" मी म्हटलं, "सर, आज तरी परीक्षा नको." ते हसले... आणि मग बराच वेळ खोकत राहिले. त्याच आठवड्यात ते गेले.

सर आगाशीच्या केळीबागा असलेल्या वाडीवाल्यांच्या घरातले. मुंबईच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचे. नव्वदच्या दशकात निवृत्त झाले आणि दर रविवारी वसईजवळच्या वालीवच्या आम्हा छोट्या कारखानदारांना फुकट शिकवू लागले. वर्ग कसला, आमच्या रबराच्या कारखान्यातली दोन बाकडी! वालीवची तेव्हा एक खोड होती. शेजाऱ्यानं घेतलेलं मशीन आपणही घ्यायचं आणि मग दोघांनी मिळून भाव पाडायचे. आमचे हे तर कुणालाच नकार देत नसत. कुकरच्या रिंगा, मिक्सरचे पाय, सायकलच्या मुठी... येईल ते काम. शिवाय एका मोठ्या कंपनीचं काम होतं, मिरवायला झकास, पोटाला बेताचं.

एका रविवारी सरांनी विचारलं, "स्ट्रॅटेजी म्हणजे काय?" कुणी डावपेच म्हणालं, कुणी पुढच्या वर्षांचा प्लॅन. ह्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "सगळ्यांच्या पुढे जाणं." सर म्हणाले, "ती इच्छा झाली, ती सगळ्यांनाच असते. आपण कुणाच्या उपयोगी पडायचं ते ठरवायचं आणि त्यासाठी बाकीचं सोडायचं, ही स्ट्रॅटेजी. सोडताना जीव तुटला पाहिजे. नकोसं तेवढंच सोडलंत, तर ती नुसती साफसफाई." आमचे हे घरी येईपर्यंत धुसफुसत होते. "पगारी माणसाचं काय जातंय बोलायला!"

पण तेव्हा विरारमध्ये बिल्डिंगांमागून बिल्डिंगा उठत होत्या आणि पाण्याची बोंब होती. पंपाचं रबरी सील गेलं की अख्खी सोसायटी कोरडी, आणि प्लंबर सीलसाठी मुंबईला धावायचे. सर म्हणाले, "या माणसांचे व्हा. एक प्रेस कायम मोकळा ठेवा. सकाळी आलेल्याला दुपारी सील मिळालंच पाहिजे." साच्यात रबर दाबून वस्तू काढणारे आमचे प्रेस मोजकेच, म्हणजे त्यासाठी कंपनीचं काम सोडावं लागणार. मशीन रिकामं ठेवायचं म्हणजे ह्यांच्या लेखी अन्न उष्टं टाकण्यासारखं पाप. कडाक्याची भांडणं झाली. मी हट्ट सोडला नाही. शेवटी ह्यांनी कंपनीला नकार कळवला आणि कित्येक आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. कारखाना बुडतो की काय, या भीतीनं मलाही सरांचा राग यायचा. मग एक प्लंबर आला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं... आणि आम्ही तरलो. ह्यांनी मात्र सरांचं बरोबर होतं हे कधी कबूल केलं नाही. पडलो तरी नाक वर, असा स्वभाव.

सर गेल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही कारखान्यात होतो. निघणार तेवढ्यात काशिनाथ प्लंबर धापा टाकत आत आला.

"वैनी, सरांच्या बिल्डिंगीत पानी नाय. पंपाचं सील गेलंय. घर मानसांनी भरलंय, सरांना आंघोळ कशी घालायची?"

कारागीर पुढे झाला. ह्यांनी त्याला हातानंच थांबवलं. अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी मोकळ्या प्रेसपाशी गेले, स्वतः साचा बसवला, रबर भरलं आणि सील तयार होईपर्यंत तिथून हलले नाहीत. मला वाटलं, धुरानं डोळे चोळताहेत.

सील काशिनाथच्या हातावर ठेवताना म्हणाले, "पळ. आणि सरांना सांग, तुमचं बरोबर होतं."

काशिनाथनं मान डोलावली आणि तो पळाला.

हल्ली दुपारी हे आपला डबा घेऊन त्या मोकळ्या प्रेसशेजारी बसतात. कारखान्यात बसायला दुसरी जागा भरपूर आहे.