यिशुनच्या मंडळींचं बिटकॉइन

परदेशात राहिलं की स्वयंपाकघरात दुसऱ्यांचे डबे साठत जातात. कुणी चकल्या पाठवतं, कुणी साबुदाण्याची खिचडी. खाऊन संपतं, पण डबा आपल्याकडेच राहतो. किश्श्यांचंही तसंच होतं. सिंगापूरच्या आमच्या यिशुनमध्ये २०१७-१८च्या सुमारास एकाच विषयाचे इतके किस्से साठले, की कपाटाचं दार लागेना! विषय होता बिटकॉइन.

यातला नायक मिलिंद, आमच्या समोरच्या ब्लॉकमधला आयटीवाला. त्याची बायको मंजिरी माझी मैत्रीण. मुलगी ईरा, आठ वर्षांची. मिलिंद आणि मंजिरी दोघांनीही हे सांगायला परवानगी दिली आहे. मी अकाउंटंट असल्यामुळे या सगळ्यात माझं काम एकच होतं, "मी सांगितलं होतं" असं म्हणायचं. पण ते वाक्य पूर्ण करायची संधी मला आजतागायत कुणी दिलेली नाही.

*

सुरुवात झाली ती पुलाउ उबीनच्या सायकल ट्रिपला. बेटावर जायची छोटी बोट बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही आणि आम्ही होतो नऊ. तीन माणसं येईपर्यंत धक्क्यावर बसून राहायचं. मिलिंदला आयतं व्यासपीठ मिळालं.

"काळ किती वाईट आहे बघा! नोकरीचा भरवसा नाही, नोटा तर सरकारं पाहिजे तेवढ्या छापतात. अशा वेळी सेफ एकच, बिटकॉइन! कॅश इज डेड!"

तेवढ्यात तिघं आले. बोटवाला चिनी म्हातारा पैसे गोळा करत मिलिंदपाशी आला. मिलिंदकडे फोन होता, चार कार्डं होती, पण सुटा डॉलर एकही नव्हता.

"यू से कॅश डेड?" म्हाताऱ्याने विचारलं.

"येस, अंकल! बिटकॉइन इज द फ्यूचर!"

"फ्यूचर, कॅन लाह," म्हातारा त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. हात तसाच पुढे. "टुडे, कॅश."

मिलिंदच्या घरच्या तिघांचं भाडं मी भरलं.

*

त्या दिवाळीला मिलिंदची आई साताऱ्याहून आली. रिटायर्ड इंग्रजीच्या शिक्षिका. लेक दिवसभर फोनमध्ये काय बघतो, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

"हे कॉइन हातात घेता येतं का रे?"

"नाही, आई."

"मग काढतं कोण? सरकार?"

"कुणीच नाही. सगळे मिळून चालवतात. एकमेकांच्या भरवशावर."

"असं होय! म्हणजे भिशीच की!"

"आई, भिशी काय! जगभरातली लाखो माणसं आहेत त्यात!"

"तेच म्हणते मी," आई म्हणाल्या. "आमच्या भिशीतली बाई पैसे घेऊन पळाली, तर निदान तिचं घर तरी माहीत असतं!"

*

मंजिरीचा भरवसा सोन्यावर. एका रविवारी आम्ही दोघी लिटिल इंडियात जाऊन तिच्यासाठी पाटल्या घेऊन आलो. मिलिंदने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"पण याची खरी व्हॅल्यू काय? हा नुसता लोकांचा विश्वास आहे. पिवळा धातू, बस!"

मंजिरीने शांतपणे पाटल्या हातात चढवल्या. "पुढच्या महिन्यात नीताच्या मुलाच्या मुंजीला मी हा विश्वास घालून जाणार. तू तुझं कॉइन घालून ये!"

*

आमच्यात सगळ्यात सावध माणूस म्हणजे जोगळेकर. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत रिस्क मॅनेजर. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, भुयारातून चालतानासुद्धा छत्री हातात! माझं ऑफिसही तिथेच, त्यामुळे कधी कधी मी, जोगळेकर आणि मिलिंद हॉकर सेंटरला एकत्र जेवायचो.

एकदा मिलिंदने सरळच विचारलं, "काका, खरं सांगा. अशा अनिश्चित काळात क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही?"

जोगळेकरांनी चमचा खाली ठेवला. "काळ अनिश्चित असला की गुंतवणूक कंटाळवाणी करावी. जिच्याबद्दल बोलताना समोरचा जांभया देतो, ती गुंतवणूक चांगली! हे तुझं काय आहे? सकाळी राजा, दुपारी भिकारी! माझ्या तत्त्वात..."

खण्ण!

नाणं पडल्यासारखा आवाज. भाव हलला की फोनवर वाजणारा. आम्ही मिलिंदकडे पाहिलं. त्याने फोन वर धरून दाखवला, बंद होता. बॅटरीच संपली होती.

पुन्हा खण्ण! आवाज जोगळेकरांच्या खिशातून येत होता.

मग जोगळेकरांनी चमचा उचलला आणि भातात घातला.

"रिस्क जवळून बघावी लागते," ते म्हणाले.

*

डिसेंबरात भाव आभाळाला भिडला आणि जानेवारीत धाडकन खाली यायला लागला. नेमके त्याच आठवड्यात मंजिरीचे मामा पहिल्यांदाच सिंगापूरला आले. कोल्हापूरचे, अतिशय आज्ञाधारक गृहस्थ. मंजिरीने त्यांना समजावलं होतं की एअरपोर्टवरून हिरव्या लाइनने यायचं, सिटी हॉलला उतरायचं आणि यिशुनसाठी लाल लाइन पकडायची.

सिटी हॉलच्या प्लॅटफॉर्मवरून मामांनी खात्री करायला जावयाला फोन लावला. "मिलिंदराव, आता लालमध्येच शिरायचं ना?"

मिलिंदच्या समोर स्क्रीनवर सगळे आकडे लाल झालेले. डोळे तिथेच. "लाल आहे ना? मग अजिबात घाई करू नका, मामा. थांबा. अजून खाली येऊ दे."

मामा थांबले.

पाऊण तास झाला तरी पत्ता नाही, म्हणून मंजिरी घाबरी होऊन त्यांना शोधायला निघाली. मामा बॅगेवर बसून होते. समोरून गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली.

"मामा! चढत का नाही?"

"जावईबापू म्हणाले, अजून खाली येऊ दे. मी कधीचा बघतोय गं! एकही गाडी वर नाही की खाली नाही. सगळ्या सरळच जातायत!"

*

शाळेत ईराला 'माय फादर' हा निबंध होता. बाईंनी तो मंजिरीला बोलावून दाखवला. ईराने लिहिलं होतं की माझे बाबा आयटीत काम करतात. त्यांचं काम फार अवघड आहे. ते फोनकडे बघतात आणि "आयो" म्हणतात.

बाईंनी काळजीने विचारलं, "घरी सगळं ओके आहे ना?"

मंजिरी काही बोलायच्या आत ईराच म्हणाली, "ओके लाह, टीचर. ओन्ली व्हेन इट गोज डाउन."

*

आता मात्र जरा गंभीर. चिनी नववर्षाची सुट्टी संपली आणि मिलिंदच्या कंपनीने त्याच्या टीमचं सगळं काम मनिलाला हलवलं. नोकरी गेली. आमच्याकडे नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पासही जातो, आणि पास गेला की महिन्याभरात नवी नोकरी नाही तर विमानाचं तिकीट! पुढे त्याला नोकरी मिळाली, पासही मिळाला. ते सगळं ठीक. पण त्या मधल्या दिवसांतली एक रविवारची सकाळ मी विसरणार नाही. मी डबा परत करायला गेले होते आणि दारातच अडकले.

त्या दिवशी मिलिंदने मंजिरीला सगळं सांगितलं होतं. पुण्यातल्या फ्लॅटसाठी साठवलेले सगळे पैसे बिटकॉइनमध्ये गेले होते. भाव पडून जे काही उरलं होतं, तेही काढता येत नव्हतं. कारण त्याचं ॲप होतं ऑफिसच्या फोनवर. शेवटच्या दिवशी कंपनीने फोन परत घेतला आणि पुसून टाकला. उघडायचा एकच मार्ग होता, बारा इंग्रजी शब्दांची किल्ली. ते शब्द मिलिंदने एका कागदावर ओळीने लिहून ड्रॉवरमध्ये ठेवले होते.

ड्रॉवरमध्ये कागद नव्हता.

मंजिरी सोफ्यावर बसून होती. एकेका उशीचा अभ्रा सरळ करत होती. मला तिची जास्त भीती वाटली. मिलिंद पुस्तकं झटकत होता, गाद्या उलट्या करत होता. ईरा दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?"

"एक कागद, बेटा. त्यावर बारा शब्द होते."

"आजीची स्पेलिंग लिस्ट?"

मिलिंद गुडघ्यांवरच थांबला.

"आजी मेड मी लर्न बाय हार्ट. देन पेपर शी थ्रू," ईरा म्हणाली आणि पाठीमागे हात बांधून, बेच्या पाढ्याच्या चालीत शब्द म्हणायला लागली. एक, दोन, तीन... मिलिंद लिहून घेत होता. नऊ, दहा, अकरा.

आणि ईरा थांबली.

"बारावा?" मिलिंदने विचारलं.

"आजी नेव्हर टीच. शी सेड, लास्ट वर्ड नॉट नाइस."

मिलिंदने साताऱ्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आई! तो कागद! शेवटचा शब्द काय होता?"

"तो होय!" आईंचा आवाज कडक झाला. "आठ वर्षांच्या पोरीच्या अभ्यासात असले शब्द घालतात? मी तिला शिकवला नाही आणि आत्ताही तोंडातून काढणार नाही. दिवाळीत तिथे होते तेव्हाच मी तो मंजिरीला दाखवला होता. तिला विचार!"

आम्ही सगळे मंजिरीकडे वळलो. ती सोफ्यावरून उठली, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत स्पष्ट म्हणाली,

"डिव्होर्स."

मिलिंदचं पेन हवेतच राहिलं. "म्हणजे... बारावा शब्द ना, मंजू? की...?"

"तू आधी टाइप तर कर!" मंजिरी म्हणाली.