पुढारी येईपर्यंतचं धान्य

लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट, नव्वद सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. माझं माहेर अंथुर्ण्याचं. सासर बारामतीच्या वाटेवर, कालव्याच्या खालच्या अंगाला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि त्यांना भलतीच भ्यायचे. त्या गावातल्या बायकांचं भजनी मंडळ चालवायच्या. मंडळात भजन कमी आणि भांडणं जास्त, पण गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्या हिवाळ्यात खेकड्यांनी पोखरलेला कालव्याचा फाटा पहाटे फुटला आणि पाणी ओढ्याकाठच्या वस्तीत शिरलं. तिथली माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची, आता बागायतदारांच्या मळ्यात कामाला जायची. जीव सगळ्यांचे वाचले. पण कणगीतली ज्वारी भिजून फुगली, पीठमीठ वाहून गेलं. चुली तर जागेवरच विरघळल्या.

संध्याकाळी गावातले पुरुष दूध डेअरीच्या ओट्यावर जमले. अध्यक्ष अर्थातच आमचे चुलत सासरे, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. तात्यांना अध्यक्ष व्हायला आवडायचं. कशाचे, याबद्दल त्यांचा फारसा आग्रह नसायचा. घरोघर फिरून धान्य गोळा करायचं ठरलं. बायामाणसांनी मागितलं की लोक नाही म्हणत नाहीत, म्हणून आत्याबाईंना आणि त्यांच्यामागं डोक्यावर पदर घेऊन मलाही धाडलं.

सकाळी ट्रॅक्टर निघाला. पुढं कर्णा, मागं ट्रॉलीत आम्ही. लोकांनी दिलं, पण काय काय दिलं! एका बाईनं मूठभर गहू दिले आणि चहा पाजताना पोतंभर गाऱ्हाणी ऐकवली. एका घरानं किडे पडलेली तूरडाळ आणून दिली. आत्याबाईंनी हात घालून पाहिली आणि म्हणाल्या, "ही कोंबड्यांना घाल गं. त्यांनाबी पाण्याचा तरास झालाच असंल." ती बाई ओशाळून आत गेली आणि चांगली डाळ घेऊन आली. त्या आठवड्यात बारामतीच्या बाजारात वांग्यांचा भाव पार कोसळला होता. त्यामुळं प्रत्येक भाजी-माळवं पिकवणाऱ्याच्या काळजाला एकदम पाझर फुटला. दुपारपर्यंत आम्ही दोघी वांग्यांच्या ढिगावर बसलो होतो. ज्वारी मात्र चांगली जमली, आणि सगळा माल मारुतीच्या देवळात नीट रचून ठेवला.

मला वाटलं, आता वाटप. पण तात्यांनी देवळाला कुलूप घातलं आणि किल्ली गुरवाकडं ठेवली. वाटप पुढाऱ्याच्या हस्ते होणार होतं. फलक रंगवायला दिला होता, बारामतीहून फोटोवाला सांगितला होता. पुढारी उद्या येणार होते. मग परवा. मग म्हणे, निरोप यायचाय. तोवर वस्तीतली माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसनं आणून खात होती आणि देवळातल्या उंदरांची चंगळ चालली होती.

अशात वस्तीतली एक म्हातारी देवळाशी आली. आम्ही बायका भजनासाठी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिनं जाळीच्या दारातून आधी मारुतीला हात जोडले, मग पोत्यांना जोडले.

"हे काय गं म्हातारे?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमचं धान्य हितं हाय म्हणत्यात. खायाला मिळंना, निदान दर्शन तरी घ्यावं म्हणलं."

मी पदर तोंडात धरून हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी टाळ खाली ठेवले आणि गुरवाच्या बायकोकडं पाहिलं. तीही आमच्या मंडळातलीच. "किल्ली आण," त्या म्हणाल्या.

तो बाजाराचा दिवस होता, पुरुष सगळे बारामतीला. आम्ही बैलगाडी जुंपली. ज्वारी चाळली, डाळ पाखडली, आणि वस्तीत नेऊन घरटी वाटून टाकली. इतर वेळी सुरावरून एकमेकींचं डोकं खाणाऱ्या बायका त्या दुपारी एका शब्दानं भांडल्या नाहीत. वस्तीतल्या बायकांनी लगेच जात्यावर पीठ काढलं, दगड मांडून चुली पेटवल्या. आम्हालाही भाकरी-चटणी खायला बसवून घेतलं. चटणी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते निव्वळ चटणीनंच आलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि नेमके त्याच संध्याकाळी पुढारी आले. जीप, हार, फलक, फोटोवाला, सगळी वरात. वस्तीतल्या लोकांनाही बोलावून रांगेत उभं केलं. देवळात अंधार झाला होता. तात्यांनी ऐटीत दार उघडून दिवा लावला. आत मारुती होता आणि मऊ पडलेली वांगी होती.

"वैनी, धान्य कुठं हाय?" तात्यांचा आवाज चिरकला.

"पोटात गेलं, भावजी," आत्याबाई म्हणाल्या. "थोडं उद्याला ठिवलंय त्यांनी."

पुढारी आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. तात्यांना हसणं परवडणारं नव्हतं. त्यांनी घरी माणूस पिटाळला आणि स्वतःच्या कोठारातली गव्हाची पोती मागवली. पोती आली, फोटोवाल्यानं यंत्र डोळ्याला लावलं. पुढाऱ्यांनी पहिलं पोतं त्याच म्हातारीपुढं केलं. तिनं पोत्याला हात लावला आणि तात्यांना विचारलं, "ह्ये आजच नेऊ का? का आजून कुणी यायचं ऱ्हायलंय?"

फोटोत पुढारी आणि म्हातारी दोघंही हसताहेत. तात्या फलकाकडं बघताहेत.

पुढं तात्यांनी बरेच दिवस आमच्या घराकडं पाऊल टाकलं नाही. वस्ती हळूहळू ओढ्यापासून वर, माळाच्या अंगाला सरकली. आणि मला आत्याबाईंची भीती वाटायची, ती त्या दिवसापासून गेली. स्वयंपाकघरात मी त्यांना उलट उत्तर द्यायला लागले, आणि त्यांनाही ते आवडत असावं.

काही वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तात्या पाहुण्यांना हीच हकीकत सांगताना मी ऐकलं. त्यात कालवा फुटल्याबरोबर तात्यांनी कुणी न सांगता आपलं कोठार मोकळं केलं होतं. आत्याबाई वाढत होत्या. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि तात्यांच्या पानात आणखी एक जिलबी घातली.