मनगटाची ऊब

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी अकोल्याच्या एका दवाखान्यात, पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांना मालिश करायचं काम मला मिळालं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. अंजनगावचं घर सुटलं होतं, आणि भाड्याच्या खोलीत मी कोणाशी बोलत नसे. दिवसभरात माणसाचा स्पर्श व्हायचा तो या कामातच. मुलं माझ्या मांडीवर पाय टाकून आपल्या घरच्या गोष्टी सांगत. मला उत्तर द्यावं लागत नसे, म्हणून ते फार आवडे.

मालिश करणाऱ्या आम्ही दोघीच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या होत्या. दुसऱ्याचं अंग रगडताना आमच्या अंगावर किती ताण येतो, हे त्यांना पाहायचं होतं. काम संपलं की त्या आमच्या मनगटाला हाताची उलटी बाजू लावत, मग थर्मामीटर पट्टीने बांधून आकडा वहीत लिहीत. जिथे ताण, तिथे ऊब, असं त्या म्हणत. जिचा हात फार तापेल तिचं मालिश बंद. तिने शेकाची फडकी उकळायच्या खोलीत जायचं.

माझं उजवं मनगट सारखं ठणके. तपासणीआधी मी ते पाण्याच्या माठाला टेकवून ठेवी आणि पदराने पुसून जाई. वहीत माझा हात थंड निघे.

सोबतीण म्हणायची, "तुह्या हाताले दुखनं मालूमच नाही का वं?" मी नुसती हसे.

बाईंना वाटलं, माझीच रीत बरोबर. अंगठा रोवून दाबायची माझी पद्धत त्यांनी सोबतिणीला शिकायला लावली. महिन्याभरात तिचा अंगठा असा सुजला की लुगड्याची गाठ मारता येईना. तरी ती मलाच विचारत होती, "माहं काय चुकून राहिलं? दाखव ना एकडाव."

त्या दिवशी मी माठाजवळ गेले नाही. बाईंनी माझ्या मनगटाला हात लावला आणि चमकून वर पाहिलं. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

"पयल्यापासूनच. मी माठाले लावून थंडं करत होती."

इतकं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. वहीतल्या माझ्या आकड्यांवर त्यांनी रेघ मारली, आणि सोबतिणीला अंगठा सोडून तळव्याने दाबायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी फडक्यांच्या खोलीत. चिमट्याने फडकी उचलायची आणि खिडकीतून द्यायची. पलीकडे मुलं बोलत असत, पण भट्टीच्या आवाजात शब्द कळत नसत.

सोबतिणीचा अंगठा दिवाळीपर्यंत बरा झाला. पुढे माझं मनगटही निवलं. ते सांगावं असं कोणी नव्हतं.